डिंपलचं अर्धं नाव

मित्रांनो, दचकू नका. टीव्हीच्या मागून बोलतोय तो मी, सौंसरच्या एका शाळेतला जुना फळा. थापाड्या म्हणून माझी ख्याती आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण आधी ऐकून घ्या, मग ठरवा.

मोहगावच्या एका सुताराने मला सागाच्या जुन्या दारातून घडवलं. दार होतो तेव्हा माझ्यातून माणसं ये-जा करत; फळा झाल्यावर अक्षरं करू लागली. शाळा उघडायच्या आधी मोठी मुलं टॉर्चमधले मेलेले सेल फोडत, त्यातली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून मला चोळत. त्या काळ्याभोर अंगावर तेलरंगाच्या चार रेघा. त्या रेघांवर शकुंतलाबाई रोज एका मुलाचं नाव इंग्रजीत जोडून काढत. तुम्ही त्याला कर्सिव्ह म्हणता. संत्र्याची साल न तुटता एकसंध निघावी, तसं त्यांचं अक्षर निघे आणि सारा वर्ग ते नाव गिरवी.

"नाव पुरं झाल्याबिगर हात उचलाचा नाही," बाई बजावत. "अर्ध्या नावाचं पोर अर्धंच रायते."

मुलं हसत. मीही हसायचो.

पुढे फर्मान निघालं: अक्षर वळवायचा तास बंद, त्याऐवजी टीव्हीवरचे धडे. त्याच सुमारास बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या शेवटच्या दिवशी पाळी होती पाचवीतल्या डिंपलची. वर्षभर वाट पाहिलेली पोर पहिल्या बाकावर हात घट्ट दाबून बसली होती. नाव मध्यावर आलं आणि बाईंच्या जागी आलेले कुणाल सर शाल-श्रीफळ घेऊन थेट दारात! आता मानाची शाल कोणी एका हाताने घेतं का? बाईंनी खडू ठेवला, दोन्ही हात पुढे केले. मग हार, भाषणं, फोटो. दुसऱ्या दिवशी माझ्यावर टीव्ही चढला. त्याच्यामागे अंधारात ते अर्धं नाव राहिलं.

मग सुरू झालं.

आधी हजेरीत सर डिंपलचं नाव ओलांडून पुढे जाऊ लागले. ती "हाजर" म्हणाली तर वाऱ्याने खिडकी वाजल्यासारखे तिकडे बघत. खिचडी वाढणारा हात तिच्या ताटावरून सरके. अंगणात साऱ्यांच्या सावल्या पडत, तिची कमरेपर्यंतच. घरचं मी पाहिलं नाही, पण भिंतीला कान असतात आणि मी भिंतीलाच टांगलेला. घरी अमिताने, म्हणजे तिच्या आईने, एक ताट कमी मांडलं. डिंपल हुंदके देऊ लागली. आई दचकून म्हणाली, "कोन रडून राहिलं वं बाहेर?"

पोर तिच्या कुशीत होती, मित्रांनो.

डिंपल धावत शकुंतलाबाईंच्या घरी गेली. बाईंनी मात्र तिला लगेच ओळखलं. ज्याच्या हातून नाव अर्धं राहतं, त्याला ते पोर दिसतंच. तिची सावली पाहून बाईंच्या हातातली चहाची बशी निसटली.

दुपारच्या सुट्टीत दोघी वर्गात आल्या. बाईंनी टीव्ही भिंतीपासून ओढला.

"मॅडम, हे काय करून राहिल्या? काच फुटन ना!" कुणाल सर धावले.

"सर, ही पोरगी कोन्या वर्गातली?"

"कोन पोरगी, मॅडम?"

खडू घेऊन त्यांनी हात लावला, पण निवृत्तीनंतर आलेल्या लकव्याने तो हात आता वळत नव्हता. रेघ तुटतुटून पडली. त्यांनी ती पुसली आणि खडू डिंपलच्या हाती दिला.

"माह्याच्यानं होत नाही वं. तूच काढ."

"मले आता जोडून येत नाही, बाई, सवय मोडली. तास बंद झाला ना!"

"ये जवळ. मी बोट धरतो."

बाईंनी तिचं बोट झालेल्या अक्षरांवरून फिरवलं. पुन्हा, पुन्हा. मग खडू टेकला. कमान वर गेली, खाली आली. डिंपलचा श्वास माझ्या अंगावर गार लागत होता, विहिरीतून यावा तसा. शेवटच्या अक्षराला खडू झिजून संपला.

"उचलू नको!" बाई ओरडल्या.

पोरीने नख रुतवलं. जी किंचाळी निघाली ती माझी की तिची, मला अजून सांगता येत नाही. नाव पुरं झालं.

"ए डिंपल!" कुणाल सर खेकसले. "तिथं काय करून राहिली? जाग्यावर बस!"

इतकं गोड खेकसणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. डिंपल रडत रडत हसली आणि जागेवर जाऊन बसली.

टीव्ही पुन्हा माझ्यावर आला. पण तो आता जरा तिरका बसतो, त्या फटीतून मी वर्ग पाहतो. नव्या मुलांची नावं कोणी कधी काढलीच नाहीत, अर्धीसुद्धा नाही. सकाळच्या उन्हात त्यांच्या सावल्या मला फार पातळ दिसतात.

म्हणून, मित्रांनो, आज एक करा. कोणाकडून तरी शिकून घ्या आणि आपलं नाव हात न उचलता लिहून बघा. मध्येच कोणी हाक मारली, अगदी आईच्या आवाजात मारली, तरी ओ देऊ नका. आधी नाव पुरं करा.