उघडं राहू दे

"आई, चादर आणू का त्यांना? गार लागेल," मी म्हणाले.

सासूबाई चिखलात उकिडव्या बसून बियांवर माती सारत होत्या. मग बाळाच्या दुपट्याच्या दाबाव्यात तशा त्यांनी वाफ्याच्या कडा दाबल्या. प्रसूतिगृहात आया म्हणून जन्म काढलेली बाई, उघडं काही बघवायचंच नाही त्यांना. दुधाचं पातेलं, शिलाई मशीन, झोपलेला मुलगा. त्या मुलाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, चुकांवरही त्यांनी आयुष्यभर पांघरूण घातलंय. निस्तरतेय मी.

"तू नळ सोड. तोंड बंद ठेव," त्या म्हणाल्या, आणि बियांचा रिकामा रुमाल नळापाशी झटकून खांद्यावर टाकला.

आमच्या इमारतीमागे टाकीचं पाणी झिरपून कायम ओल असायची. गुलाब लावला, कुजला. मोगऱ्याचंही तेच झालं. सगळे त्या जागेला डबकं म्हणत. सेक्रेटरींनी तर फरश्या आणून भिंतीला रचून ठेवल्या होत्या. पाऊस संपेपर्यंत काही फुललं तर ठीक, नाहीतर डबकं बंद, असं त्यांनी बजावलं होतं.

सासूबाईंच्या माहेरी तळ्याकाठी एक जांभळं फूल यायचं. ओलजांभळी म्हणायचे त्याला. पाय पाण्यात, डोकं उन्हात आणि अंगावर मधमाश्याच मधमाश्या. पुढे तळं बुजवून रस्ता झाला. रस्त्याकडेच्या चरात चार झुडपं तगून होती, त्यांचं बी त्यांनी रुमालात बांधून आणलं. नंतर गेल्या तर चरही बुजलेला. म्हणजे जगात होतं नव्हतं ते बी आता आमच्या चिखलात होतं.

आणि ते काही उगवेना. वाफा आपला काळाच्या काळा.

"मावशी, चिखल मात्र झकास उगवलाय," सेक्रेटरी एकदा जाता जाता म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या सासूला बोलायचं तर मी बोलेन, ह्यांचा काय संबंध? सासूबाई मात्र वाफ्यावर वाकून कोंब शोधत राहिल्या. रात्री ताटावरून अर्धवट उठल्या. "एवढी बाळं हाताखालून गेली गं. ही कशी गुदमरली?" म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. चादरीचा तो टोमणा उगाच मारला, असं झालं.

दुसऱ्या दिवशी नळाशी बादली घासत होते. शेजारच्या चिखलावर हिरवट बुरा दिसला. शेवाळ समजून ब्रश उचलला, आणि थांबले. प्रत्येक ठिपक्याला दोन-दोन पानं होती. रुमाल झटकला होता तीच ही जागा.

"आई," मी हाक मारली, "इथे पांघरूण घालायला विसरलात तुम्ही."

त्या आल्या, वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग जे हसू सुटलं त्यांना, नळाला धरून उभं राहावं लागलं. "मेल्यांना उजेड हवा होता," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आणि मी बसलेय दडपत."

आम्ही दोघींनी झारीनं वाफ्यावरची माती हलकेच धुवून काढली. काही दिवसांत तिथेही हिरवं फुटलं. पाऊस सरता सरता झुडपं कमरेला आली, आणि एका सकाळी डबकं या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळं झालं. पहिली मधमाशी मी पाहिली. दुपारपर्यंत नुसतं गुणगुणत होतं तिथे. मी शेजारणीपाजारणींना हाताला धरधरून आणून दाखवलं. का नाही दाखवणार?

आठवड्याभरानं सेक्रेटरी आले ते खाली बघतच.

"मावशी, आमच्या भोपळ्याची फुलं दर वर्षी गळायची. यंदा फळं धरलीत."

"आणि फरशी?" मी विचारलं. सोडते की काय!

"बागेत पायवाटेला लावू."

बाग म्हणाले. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनीही ऐकलं होतं.

आता इमारतीत प्रत्येकीला बी हवंय. सासूबाई पुड्या बांधून देतात आणि प्रत्येकीला बजावतात, "चिखलावर नुसतं दाब. झाकू नकोस."

काल संध्याकाळी गार वारा सुटला. सासूबाई दोरीवरची चादर ओढून झपाझप बागेकडे निघाल्या. सवयच ती. मी खिडकीतून बघत होते, हाक मारणार होते. त्या झुडपांपाशी पोचल्या, चादर उलगडली आणि तशाच उभ्या राहिल्या.

मग ती चादर त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली आणि कडा नीट दाबून फुलांपाशी बसल्या.