शेरा: टाचणी आहे

"मावशी, तीन दिवस झाले. एक टाचणी दिसली नाही मला," संशोधक पोटरीवरची जळू उपटत म्हणाला. "आज अहवाल जाणार. नाही म्हणजे नाही!"

"नऊला येता, अकराला जाता. ती काय तुमच्या घड्याळावर चालते? आज बारापर्यंत थांबा." आई म्हणाली.

लेक मागे उभी होती, बाळाला पोटाशी बांधून, एकेक दगड पावलाने चाचपत. पाय घसरेल, बाळाला काही चावेल, या काळज्या रोजच्याच. आज त्यांत भर पडली होती: आईचं हसं होईल. अहवालात 'नाही' गेलं की जंगलातला हा ओढा पाणीयोजनेच्या नळात कोंडायला सरकार मोकळं.

सव्वीस वर्षं आई इथली मोजपट्टी वाचत होती. सकाळी आठला आणि दुपारी बाराला पाण्याची उंची वहीत लिहायची, एवढंच काम. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे काय लिहायचं हे कुणी सांगितलं नाही, म्हणून आई दिसेल ते लिही. आणि दिसे ती टाचणी, चतुराची नाजूक बहीण. वाहतं, नितळ पाणी सोडून ती कुठे राहत नाही. एका वर्षी दरड कोसळून ओढा गढूळला तेव्हा आईने महिनाभर लिहिलं, 'टाचणी नाही.' कचेरीने टाचण्यांची बारा पाकिटं पाठवली. वर चिठ्ठी: 'जपून वापराव्यात.'

पावणेबाराला झाडांच्या दाटीतून उन्हाचा एक तुकडा काळ्या दगडावर पडला.

"आता गप्प," आई म्हणाली. बाळसुद्धा गप्प झालं.

वरच्या पानावरून ती उतरली. तांब्याच्या तारेसारखं अंग, पंखांवर हिरवी झाक. दगडावर बसली आणि पंख मिटले. मग दुसरी आली. मग चौथी, पाचवी. संशोधक बुटांसकट पाण्यात शिरला होता, हे त्याला बहुधा कळलंही नव्हतं.

"फोटो काढा की! अर्धा तासच ऊन असतं."

फोटो झाले. "कधीपासून बघताय, मावशी?"

आईने पिशवी पुढे केली. वह्या. तो मोठ्याने वाचू लागला, "टाचणी आहे. टाचणी आहे. दोन आहेत..." गेल्या वर्षीच्या वहीत तो अडखळला. "टाचणी आहे. लेकीला लेक झाली. दोघी सुखरूप."

लेकीने वही त्याच्या हातातून घेतली. त्या दिवशी निरोप सकाळीच गेला होता, पण आई दवाखान्यात पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते, पाय ओले. 'तुला ओढाच जवळचा,' असं ती आईला म्हणाली होती. वर्षभर ते मनातून गेलं नव्हतं.

"सगळ्यांच्या आधी वहीला सांगितलंस?"

"इथे दुसरं होतं कोण?" आई म्हणाली आणि साडीचा ओचा खोचून पाण्यात उतरली. बारा वाजले होते.

"बेचाळीस!" तिने पट्टीजवळून हाक दिली.

लेकीने आकडा लिहिला. "शेऱ्यात काय लिहू?"

"दिसतंय ना तुला? मग!"

लेकीने लिहिलं, 'टाचणी आहे.' जरा थांबून कंसात घातलं, 'उडणारी.' संशोधकाने वाकून ती ओळ जशीच्या तशी आपल्या अहवालात उतरवली. हसला मात्र नाही.

"आई, ये ना आता वर. घसरशील."

आईने नुसतं बोट वर केलं. मोजपट्टीच्या टोकावर एक टाचणी येऊन बसली होती. ती उठेपर्यंत आई गुडघाभर पाण्यात तशीच उभी राहिली.