आईचा काळा कोट

माझे बाबा शिंपी. थंडीत ते फक्त पांढरं किंवा फिकट कापड हातात घेत आणि गडद कापड उन्हाळ्यात. गिऱ्हाइकांना वाटायचं, ही मास्तरांची तऱ्हा. काहीजण त्याचं कौतुकही करायचे. खरं कारण आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. बाबांना सोरायसिस आहे. हवा कोरडी झाली की त्यांच्या तळहातांवर, कोपरांवर लाल चट्टे उठतात आणि त्यांचे पांढरे खवले सुटून पडत राहतात. पांढऱ्या कापडावर ते दिसत नाहीत. काळ्यावर दिसतात.

"आली तुमची पाहुणी," पहिला गार वारा सुटला की आई म्हणायची आणि मलमाचा डबा काढायची. पाच मिनिटं कोमट पाण्यात हात, मग ते नुसते टिपायचे, चोळायचे नाहीत, मग मलम, वरून सुती हातमोजे. हे सगळं तीच करायची. बाबा लहान मुलासारखे दोन्ही हात पुढे करून बसायचे. डॉक्टर दरवेळी तेच सांगायचे, "फक्त ताण घेऊ नका." दोन मशिनं, एक माणूस आणि दारात खोळंबलेली गिऱ्हाइकं. ताण काय बाबा हौसेने घेत होते? मला त्या डॉक्टरांचा भयंकर राग यायचा.

आईला काळा लोकरी कोट हवा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत तिने तो मागितला. बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात शिवतो, हात चांगले असतात तेव्हा." उन्हाळा आला की तुंबलेली गडद कापडाची कामं अंगावर यायची, आणि उकाड्यात कोटाची आठवण कुणाला येते? आठवण यायची ती थंडी पडल्यावर, आणि तोवर हात बिघडलेले असायचे. अशी एकतीस वर्षं गेली. बाबांनी अख्ख्या गावाला कोट घातले आणि आई माझा जुना, कोपरावर विरलेला स्वेटर घालून फिरली. "शिंप्याशी लग्न केलं तेव्हाच कळायला हवं होतं," असं ती हसत हसत म्हणायची. मला मात्र चीड यायची, बाबांची आणि तिचीही.

गेल्या पानगळीत आईच्या पोटात गाठ सापडली. फार उशीर झालाय, हेही त्याच दिवशी कळलं. हॉस्पिटलच्या खाटेवर दोन पांघरुणं घेऊनही ती कुडकुडायची. एका दुपारी ती बाबांना म्हणाली, "अहो, आता तरी शिवा तो कोट. घरी येताना घालीन."

बाबांनी त्याच दिवशी काळं कापड बेतलं. त्यांचे हात इतके वाईट झालेले मी कधीच पाहिले नव्हते. डॉक्टरांचा तो ताण आता खरोखरच आला होता आणि हातमोजे चढवणारी खाटेवर पडून होती. मी मलम लावायला गेले तर म्हणाले, "नको, कापडाला तेलकट डाग पडेल." चार टाके घालायचे, खवले पडले की ब्रशने झटकायचे, उठून साबणाने हात धुवायचे, परत येऊन बसायचं. धुऊन धुऊन कातडी आणखी कोरडी पडायची आणि आणखी खवले पडायचे. जोडलेली कॉलर त्यांनी दोनदा उसवली. का, तर शिवणीत एक पांढरा कण अडकला होता.

"बाबा, राहू द्या की तो. तिला कोट अंगात घालायचाय, प्रदर्शनात नाही मांडायचा."

"एकतीस वर्षांनी देतोय," ते म्हणाले. "असा देऊ?"

मी हे आईला सांगितलं. हसताना तिला दुखायचं, तरी ती हसली. "एकतीस वर्षं रोज सकाळी मी त्यांची चादर झटकतेय," ती म्हणाली. "त्यांना सांग, आहे तसा घेऊन या."

मी निरोप पोचवला. कोटाला तेव्हा एकच बाही होती. "उद्या दुसरी लावतो, नीट साफ करतो, मग नेतो," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली.

सगळं आटोपल्यावर चौथ्या दिवशी बाबा मशीनवर बसले. दुसरी बाही त्यांनी एका बैठकीत लावली. अस्तर घातलं, काजं केली, बटणं लावली. एकदाही हात धुवायला उठले नाहीत, ब्रशला शिवलेसुद्धा नाहीत. काळ्या कापडावर खवले पडत होते आणि बाबा त्यांच्यावरूनच शिवत होते. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांच्यावर रागवायचं म्हटलं तरी राग येईना, नुसतं रडू येत होतं.

इस्त्री न करताच त्यांनी कोट माझ्यापुढे धरला. आईचं आणि माझं माप एकच. "घाल," एवढंच म्हणाले.

मी तो रोज घालते. परवा ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "थांब, तुझ्या कॉलरच्या शिवणीत काहीतरी पांढरं अडकलंय," आणि ते नखाने काढायला वाकली. मी तिचा हात धरला. "राहू दे," म्हटलं. तिला ते विचित्र वाटलं असणार.

संध्याकाळी घरी आले की मी पाणी कोमट करते आणि मलमाचा डबा काढते. बाबा समोर येऊन बसतात, पण अजून हात पुढे करत नाहीत. मलाच ते उचलून पाण्यात ठेवावे लागतात.