बोगनवेलीचा गुलाबी

आमच्या घरात कलेची सुरुवात ज्वालामुखीपासून झाली. ठकू, म्हणजे माझी मुलगी, तेव्हा चौथीत होती आणि शाळेने ज्वालामुखीची प्रतिकृती करून आणायला सांगितली होती. ती मुलांनी स्वतः करायची, असं शाळेचं म्हणणं. शाळा काय, काहीही म्हणते. ठकूने कागदाचा लगदा कालवायला घेतला, त्यातल्या गुठळ्या मला बघवेनात, म्हणून मी तिला म्हटलं, जरा सरक. ती जी सरकली ती दहावीपर्यंत सरकलेलीच राहिली. ज्वालामुखीला पहिलं बक्षीस मिळालं. ते घ्यायला ठकू मंचावर गेली आणि मी खाली बसून चारी बाजूंना मान लववत होते, असं आमचे हे अजून लोकांना सांगतात. यांना मुळात वाढवून सांगायची सवय आहे.

पुढे ठकूची शाळा संपली, प्रकल्प संपले, पण माझ्या हातांची शिवशिव काही संपेना. मी बाटल्या रंगवल्या, तेव्हा घरात पाणी प्यायला बाटली उरली नाही. मेणबत्त्या केल्या, तेव्हा मोरी तुंबली आणि प्लंबरने नळीतून लिंबाच्या वासाचं मेण खरवडून काढलं. म्हणून मी जलरंगांकडे वळले त्या दिवशी यांना कोण आनंद झाला. हे रंग निदान पाण्याबरोबर वाहून जातात, एवढीच यांची कलेकडून अपेक्षा होती.

जेवणाचं टेबल मी ताब्यात घेतलं. ओला कागद हलवायचा नसतो, त्यामुळे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. एकदा यांनी ब्रश धुतलेल्या पाण्यात बिस्किट बुडवलं आणि चहा आज उकळला नाही वाटतं, एवढंच म्हणाले. तक्रारखोर माणूस नाही तो. माझ्या प्रत्येक चित्रावर यांचं ठरलेलं वाक्य असायचं: "वा, रंग काय खुललाय." मी नुसता कोरा कागद ओला करून ठेवला होता तेव्हासुद्धा ते हेच म्हणाले होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, माणसाला पुढचं दिसतंय.

मग मला सेलमध्ये गुलाबी रंगाची ट्यूब मिळाली. ट्यूब कसली, दात घासायची वाटावी एवढी मोठी. समोरच्या कुंपणावर बोगनवेल होतीच. मी ती काढली, पुन्हा काढली, भिंतीसकट काढली, भिंतीशिवाय काढली, आणि ट्यूब काही संपेना तेव्हा वाटायला सुरुवात केली. कुणी नवीन घर घेतलं, दे बोगनवेल. कुणाला मूल झालं, दे बोगनवेल. खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्टने माझी दाढ काढली, तर त्यालाही मी सुजल्या गालाने फ्रेम नेऊन दिली. आणि लोक काय सांगू, कदर करणारे. दादाकडे जा, धाकट्या जावेकडे जा, बैठकीच्या खोलीत अगदी समोरच्या भिंतीवर माझी वेल. भल्याभल्या चित्रकारांना हे भाग्य मेल्यावर लाभतं. मी तर तिथे बसून चहा पीत होते.

फक्त एका चित्राचं काय झालं ते मला माहीत नव्हतं. ठकूला परगावी चष्म्यांच्या दुकानात नोकरी लागली, तेव्हा तिची बॅग भरताना मी एक वेल स्वेटरच्या घडीत सरकवली होती. तिने पाहिलं आणि म्हणाली, "आई, खोलीत एकच भिंत रिकामी आहे." यातून हो समजायचं की नाही, ते मला कळलं नाही. नंतर फोनवर मी तिला जेवलीस का विचारलं, झोपलीस का विचारलं, पण चित्र लावलंस का, हे विचारायची छाती झाली नाही. ठकू तोंडदेखलं बोलत नाही. साऱ्या जगाने वाहवा केली तरी तिचं 'बरंय' मिळाल्याशिवाय ती वाहवा मला अंगी लागत नव्हती, हे मी कुणाला सांगितलं नाही, पण खरं आहे.

असं सगळं छान चाललं असताना आमच्याच बैठकीतल्या चित्राने दगा दिला. तिथे खिडकीतून दिवसभर उजेड येतो. एक दिवस धूळ पुसताना पाहते तर वेलीवर फूल नाही. काटक्या होत्या, पानं होती, भिंत होती, आणि गुलाबी जिथे होता तिथे चहा सांडून पुसल्यासारखे डाग. ट्यूब स्वस्त का होती, ते तेव्हा कळलं. तो रंग उजेडात टिकतच नव्हता.

मला घाम फुटला. गावभर वाटलेल्या वेली आता काटक्या होऊन लटकत असणार आणि बिचारे लोक भिडेपोटी बोलत नसणार. मी चांगला, महागातला गुलाबी विकत आणला आणि ठरवलं की घरोघर जाऊन सगळी चित्रं दुरुस्त करायची. हे म्हणाले, जाऊ की, फक्त आधी फोन करतो. हे नेहमीच आधी फोन करतात. मी त्याला शिष्टाचार समजत आले होते.

सगळ्यांत आधी जावेकडे गेलो. बोगनवेल समोरच होती, आणि गुलाबी असा की डोळे दिपावेत. मी चकित झाले. एवढ्या उजेडाच्या खोलीत रंग टिकला कसा, म्हणून मी नाक लावून जवळून पाहिलं, तर वेलीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. जाऊ म्हणाली, आमच्याकडे झुरळं फार झाली आहेत. झुरळं भिंतीवर टांगलेली चित्रं खातात, ही माहिती मला नवीन होती. चहा घेतला आणि निघाले.

दादाकडेही वेल टवटवीत. मी खिळ्यावरून फ्रेम उतरवली आणि उलटी केली. मागे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'प्रिय डेंटिस्टसाहेबांना, हलक्या हाताबद्दल.' दादा छताकडे बघायला लागला. वहिनीला एकदम आत काहीतरी करपल्याचा वास आला. आमचे हे मात्र बुटांची नाडी बांधायला बसले, आणि त्यांच्या पायात चपला होत्या.

घरी येईपर्यंत मी तोंडातून शब्द काढला नाही. घरी आल्यावर मात्र बरेच काढले. तेव्हा यांनी सगळं कबूल केलं. फोन झाला की लोक कपाटातून चित्र काढायचे आणि आम्ही जिना उतरलो की परत ठेवून द्यायचे. दादाकडचं चित्र घर बदलताना हरवलं होतं, म्हणून यांनी डेंटिस्टकडचं उसनं नेऊन दिलं होतं. डेंटिस्ट परत मागत नव्हता.

"अगं, तुला आनंद व्हायचा," हे म्हणाले. "त्यांचंही काही जात नव्हतं. एक खिळा तर ठोकायचा."

मला इतकी लाज वाटली की रागावतासुद्धा येईना. एवढी वर्षं मी लोकांच्या घरी पाहुणी म्हणून जात होते, आणि ते माझ्यासाठी नाटकाचा पडदा लावत होते. शेवटी मी एकच विचारलं: ठकूला पण सांगून ठेवलंय का? हे म्हणाले, "तिला कशाला सांगू? तिच्या खोलीवर आपण कधी गेलोच नाही." सुट्टीत तीच घरी यायची, हे खरं होतं. म्हणजे पृथ्वीवर एकच भिंत उरली होती जी माझ्याशी खोटं बोलली नव्हती.

मी म्हटलं, उद्या ठकूकडे जायचं, आणि फोन केलात तर याद राखा. त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. बसस्टँडवर मात्र ते स्वच्छतागृहात गेले ते बराच वेळ आले नाहीत. माणसाची सवय जाते थोडीच.

ठकूच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. यांनी गुडघा पुढे करून खालीच बसकण मारली आणि मी एकटी वर गेले. दार उघडताना ठकूला जितकं आश्चर्य वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की फोन झाला. खोलीत एक पलंग, एक टेबल आणि भलीमोठी खिडकी. खिडकीसमोर रिकामी भिंत, तिच्यावर एक खिळा, आणि खिळ्याखाली एक चौकोन, बाकीच्या मळकट भिंतीपेक्षा उजळ. तिने विचारायच्या आत सांगितलं की तिथे कॅलेंडर होतं. मग दूध संपलंय, दूध आणि बाबा दोघांनाही घेऊन येते, म्हणून खाली पळाली.

कॅलेंडर म्हणे. तो चौकोन मी डोळे मिटून ओळखला असता, त्या मापाचे पुठ्ठे मीच कापते. चित्र इथे होतं, चांगलं पुष्कळ दिवस होतं, आणि आज नव्हतं. बाकीचे मी येणार म्हणून चित्र लावतात, आणि माझी पोटची पोर मी येणार म्हणून उतरवते. इतकं वाईट मला जावेच्या डांबरगोळ्यांनीही वाटलं नव्हतं. मी डोळे पुसले, आणि मग कुठल्याही सुसंस्कृत बाईने केलं असतं तेच केलं: तिची गादी उचलून पाहिली.

चित्र तिथेच होतं, टॉवेलात गुंडाळून. टॉवेल उलगडला, तर आत नुसत्या काटक्या. आमच्या बैठकीतल्यापेक्षाही भुंड्या. गुलाबीचा ठिपका म्हणून शिल्लक नव्हता. नाही, एका कोपऱ्यात होता. तिथे कुणीतरी नेलपॉलिशने फुलं काढली होती. जाडजूड, चकचकीत, एकेक फूल पानाच्या दुप्पट, आणि दोन तर चौकट ओलांडून बाहेर आलेली. त्या सगळ्या गुठळ्याच होत्या.

ठकू दुधाची पिशवी घेऊन दारात उभी होती. धाप लागली होती तिला.

"बाबांचा फोन आला म्हणून काढून ठेवलं," ती म्हणाली. "रोज समोर होतं ना, कधी उडत गेलं कळलंच नाही. मग मीच भरायला बसले आणि आणखी वाट लावली. तू बघितलं असतंस तर तुला वाईट वाटलं असतं."

चांगला गुलाबी माझ्या पर्समध्ये होता. ब्रशही होता. माझा हात शिवशिवत होता, ते नाकारत नाही. ठकूच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने टेबलावरची पुस्तकं उचलली, मला जागा केली आणि म्हणाली, "तूच कर नीट." आणि अगदी चौथीतल्यासारखी बाजूला सरकली.

"सरकू नकोस," मी म्हटलं. "खुर्चीवर चढ आणि लाव ते."

"असंच?"

"असंच."

तिने लावलं. जरा तिरकं लावलं, आणि मी तेही बोलले नाही. खाली उतरून तिने पाहिलं आणि म्हणाली की समोरच ऊन येतं, पलंगाच्या बाजूला लावू या का, नाहीतर उरलेलं पण उडेल. मी म्हटलं, उडू दे.

तेवढ्यात आमचे हे गुडघा धरत, कठड्याला टेकत एकदाचे वर पोचले. दारातच थांबून त्यांनी श्वास घेतला. फोनबद्दल मी काही बोलायच्या आत त्यांची नजर भिंतीकडे गेली. त्यांनी त्या काटक्या पाहिल्या, कोपऱ्यातलं नेलपॉलिश पाहिलं, आणि सवयीने म्हणाले, "वा, रंग काय खुललाय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच यांचं म्हणणं मला पटलं.