सयाजीकाकांचा सेंट

"डालग्याकडं जरा जास्तच मारतो," म्हणत सयाजीकाकांनी सेंटच्या डब्याचं बटण दाबलं आणि घराच्या पुढच्या सोप्यात गुलाबाच्या वासाचा ढग उठला. डालग्याखाली शेळीचं नुकतंच झालेलं करडू होतं. घरातला सगळा वास तिथूनच येतो, असं काकांचं म्हणणं.

काका माझे चुलते. सगळी नोकरी पलटणीत, साहेबांच्या मेसमध्ये वाढण्याची. साहेब जेवायला बसले की काका मागं उभे. तेच जुने साहेब आज साताऱ्याहून सांगलीला जाताना आमच्या कुंडलात जेवायला थांबणार होते. साहेब, चक्क आपल्या घरी! काकांना भीती एकच. दारात पाऊल टाकताच साहेबांनी नाकाला रुमाल लावला तर? म्हणून पलटणीच्या कॅन्टीनमधून आणून जपून ठेवलेला हा डबा बाहेर निघाला.

वास जाऊ नये म्हणून त्यांनी खिडकीत गोणपाट कोंबलं, दार लोटून घेतलं. मी नववीत, वर्गात इंग्रजी माझंच चांगलं, मग गप्प कशी बसणार? डब्यावरची बारीक अक्षरं वाचून मी मराठीत सांगितलं, की वारं खेळतं ठेवा आणि कुणाच्या तोंडाजवळ मारू नका. काका म्हणाले, मेसमध्ये असले डबे आपण ढिगानं रिकामे केलेत. मेसचा हॉल केवढा, आमचा सोपा केवढा, हे मी म्हणणार होते, पण घशात इतकं खवखवलं की शब्दच फुटेना.

तेवढ्यात मनुकाकू खोकत चुलीपासून उठली. तिची छाती धुरानं आधीच अधू. भिंत धरून ती खाली बसली. काका पाणी घेऊन धावले, तर तिनं तांब्या बाजूला सारला.

"माझं ऱ्हाऊ द्या. ते करडू बघा आदी. वरडत न्हाई ते."

काकांनी डालगं उचललं. करडानं मान ताणली होती, तोंड उघडं, नाक गळत होतं, कुशी भात्यासारख्या हलत होत्या. आणि नेमका तेव्हाच रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. काकांनी बंद दाराकडं पाहिलं, मग करडाकडं.

"साब आलं," ते हळूच म्हणाले.

"मग दार उघडाच की," काकू म्हणाली.

त्यांनी लाथेनंच दार उघडलं. मी गोणपाट ओढून काढलं, काकूला धरून अंगणात आणलं. काका करडू घेऊन लिंबाखाली बसले आणि साहेबांच्या हातांसाठी धुऊन ठेवलेला पांढरा टॉवेल भिजवून त्याचं नाक-तोंड पुसू लागले. हळूहळू करडाची धाप कमी झाली. त्यानं काकांचं बोट तोंडात धरून चोखायला सुरुवात केली. काकूलाही मोकळा श्वास येऊ लागला.

साहेब समोर येऊन उभे. काका उठायला गेले, पण करडू बोट सोडेना.

"बस रे, सयाजी. काय झालं याला?"

"घरात वास लय झाला, साब."

"शेळीचा?"

"न्हाई जी, सेंटचा. शेळीच्या वासानं कोन मरत न्हाई."

साहेब खळखळून हसले आणि तिथंच घोंगड्यावर मांडी घालून बसले. ताटं बाहेरच आली, साहेबांचं आणि काकांचंही. वाढायला मी. करडू काकांच्या मांडीवर झोपलं होतं.

थोड्या वेळानं साहेबांनी खर्डा मागितला. मी आत भाकरी आणायला गेले होते, दारातूनच पाहिलं. काकांनी बसल्या जागेवरूनच हात लांब केला आणि आपल्या ताटातला त्यांना दिला.