एकाच प्रश्नाला करकरणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. तुम्ही म्हणाल, खुर्चीला कसले आले आयुष्य? लोक येतात, बसतात, उठून जातात. पण माझ्यावर कुणी विसावा घ्यायला बसत नसे. मी मुलाखतीच्या खोलीतली खुर्ची होते. लांब टेबलाच्या पलीकडे तीन साहेब आणि अलीकडे एकटी मी. माझ्यावर जो बसे तो नोकरी मागायला आलेला असे.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. एकाच मापाच्या बारा खुर्च्या करायच्या होत्या आणि मी बारावी. अकरा बहिणींना नीट वाळलेले लाकूड पुरले. माझ्या वेळी मागच्या डाव्या पायासाठी तुकडा कमी पडला. सुताराने कोपऱ्यातला एक ओलसर तुकडा उचलला, त्यावर रंधा मारला, पॉलिश चढवले आणि म्हणाला, "चालतंय. मागचा पाय कोण बघतंय?" हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. तसा माझा स्वभाव जरा मनात ठेवण्याचाच आहे.

कचेरीत आल्यावर तिथल्या शिपायाची आणि माझी बावीस वर्षांची सोबत झाली. तो रोज सकाळी मला आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसत असे. मुलाखतीच्या दिवशी पाण्याचा पेला भरून ठेवी, मला टेबलापासून बरोबर दोन पावलांवर मांडी आणि बाहेर जाऊन एकेकाचे नाव पुकारी. मग बंद दाराशी स्टुलावर बसून राही. त्याचे कान तिखट होते. आतली चांगली उत्तरे ऐकून तो ती एका वहीत उतरवून ठेवी. ती वही कशासाठी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मी मात्र उत्तरांपेक्षा बसणे जास्त पाहिले. कुणी टोकावर बसे, जणू आत्ताच पळायचे आहे. कुणी माझे हात इतके घट्ट धरी की घामाने तिथले पॉलिशच निघून गेले. एक गृहस्थ तर नेमणूक झाल्याच्या थाटात रेलून बसले होते. त्यांची डाळ शिजली नाही. एका मुलीला अवघड प्रश्न आला तेव्हा ती सरळ म्हणाली, "हे मला येत नाही, पण कुठे शोधायचं ते माहीत आहे." तिला घेतले. साहेब लोक कधी कधी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "खुर्ची आहे मात्र दणकट." मला तेवढे आठवडाभर पुरे.

पण तो ओलसर पाय वाळत गेला, आकसला आणि सांध्यात सैल झाला. बसलेला माणूस सरळ असला तर मी गप्प असे. त्याने अंग चोरले, किंचित मागे सरला, की भार डाव्या पायावर येई आणि मी करकरत असे. ऐन मुलाखतीत तो आवाज मोठ्या साहेबांच्या कानाला खुपला. दुसऱ्या आठवड्यात पोलादी खुर्ची आली आणि मला जिन्याखाली ढकलले. तीन वर्षे माझ्यावर फुटक्या बादल्या आणि जुन्या फायली होत्या. मित्रांनो, बावीस वर्षे ताठ उभे राहिल्यावर बादल्या सांभाळायला लागणे फार लागते हो मनाला.

मग शिपाई निवृत्त झाला. कचेरीने त्याला निरोपाचे घड्याळ देऊ केले. तो म्हणाला, "घड्याळ नको साहेब, घरात तीन आहेत आणि तिन्ही वेगळी वेळ दाखवतात. जिन्याखालची खुर्ची द्या." सगळे हसले. त्याने मला डोक्यावर घेतले आणि घरी आणले.

घर दोन खोल्यांचे. त्यात तो, त्याची लेक आणि शिवणकाम करणारी त्याची बहीण राहत. लेक पाणी तपासण्याचे शिक्षण घेतलेली, हुशार. दोन वर्षे एका प्रयोगशाळेत नोकरी केली, तेवढ्यात तिची आई अंथरुणाला खिळली. नोकरी सोडून लेकीने सहा वर्षे आईचे सगळे केले. आई गेली, त्याला वर्ष झाले होते. त्यानंतर लेकीने दोन मुलाखती दिल्या आणि दोन्हींत ती नापास झाली. आता शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात सहायकाची एकच जागा निघाली होती. अर्ज करण्याच्या वयाची मर्यादा ती दोन महिन्यांत ओलांडणार होती. म्हणजे हीच शेवटची संधी. हातात एकवीस दिवस.

आणि तेव्हा ती वही बाहेर निघाली.

शिपायाने स्वयंपाकाचे टेबल भिंतीपासून ओढले, मला त्यापासून दोन पावलांवर मांडले आणि लेकीला म्हणाला, "मोठमोठे घाबरलेत या खुर्चीवर. हिची भीती गेली की कुठल्याच खुर्चीची वाटणार नाही." रोज सकाळी सात वाजता तालीम सुरू होई. तो प्रश्न विचारी, ती वहीतली पाठ केलेली उत्तरे देई. आत्या कोपऱ्यात मशीन चालवीत ऐकत असे. लेक ताठ बसे, स्पष्ट बोले. पाण्यातला गढूळपणा कसा मोजतात, नमुना कुठून घ्यायचा, बाटली आधी कशाने धुवायची, सगळे तिच्या जिभेवर होते. मी अगदी गप्प. मला वाटे, पोरगी नाव काढणार.

मग शिपाई घसा साफ करून विचारी, "मधली सहा वर्षं तुम्ही काय करत होता?"

"पुढच्या परीक्षांचा अभ्यास करत होते," ती म्हणे. आणि मी करकरे.

पहिल्या दिवशी झाले, दुसऱ्या दिवशी झाले. शिपाई माझ्यावरच वैतागला. त्याने सांध्यात मेण भरले. पायाखाली पुठ्ठा घातला. हातोडी घेऊन एक पाचर ठोकली, तेव्हा तर माझ्या जिवाचे पाणी पाणी झाले. तरी त्या प्रश्नाला मी करकरलेच. "हिचं वय झालं," तो म्हणाला. दोष माझाच, असे मीही धरून चालले. जिन्याखालच्या फुटक्या बादल्या मला पुन्हा दिसू लागल्या.

दहाव्या दिवशी आत्याने मशीन थांबवले. तोंडातली टाचणी काढून ती म्हणाली, "दादा, एक सांगू? खुर्ची बिघडली असती तर प्रत्येक प्रश्नाला वाजली असती. याच एका प्रश्नाला का वाजते?"

"पोरगी हलते म्हणून."

"आणि ती का हलते?"

"अगं, पण सहा वर्षं घरी होते असं सांगितलं की साहेब लोक नाकं मुरडतात. पंचवीस वर्षं ऐकलंय मी दाराबाहेर. मागच्या दोन मुलाखतींतही हेच उत्तर दिलं होतं तिने."

"आणि दोन्हींत नापास झाली," आत्या म्हणाली. "तू बस बघू जरा खुर्चीवर. मी विचारते तुला."

शिपाई हसत हसत माझ्यावर बसला. आत्याने विचारले, "वहिनी आजारी होती, तेव्हा तुझी इतकी रजा शिल्लक होती. तू एक दिवस तरी का घेतली नाहीस?"

तो मागे सरला आणि मी करकरले. एवढा मोठा आवाज मी त्या मोठ्या साहेबांसमोरही काढला नव्हता. शिपाई उठला, वहीतले त्या सहा वर्षांच्या उत्तराचे पान त्याने टरकावले आणि नळाला पाणी आले नसताना बादली घेऊन बाहेर गेला.

लेकीने कपाटाच्या वरून एक पत्र्याची पेटी काढली. पेटीत सहा वह्या होत्या. आईला कोणते औषध किती वाजता दिले, ताप किती, पाणी किती प्यायली, झोप किती लागली. रोजच्या पाच नोंदी, सहा वर्षे. तिने वह्या मांडीवर घेतल्या, माझ्यावर बसली आणि म्हणाली, "आत्या, विचार. तोच प्रश्न विचार."

उरलेले अकरा दिवस त्या घराने कंबर कसली. लेक जलशुद्धीकरण केंद्राच्या दारावर गेली. पहारेकऱ्याने पहिल्या दिवशी हाकलले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तेव्हा त्याने कुंपणाबाहेरून टाक्या पाहू दिल्या आणि कुठल्या टाकीत काय होते तेही सांगितले. तिने बसचा रस्ता दोनदा जाऊन पाहिला. आत्याने तिच्या जुन्या कोटाच्या बाह्या उसवून पुन्हा शिवल्या. शिपाई संध्याकाळी परत प्रश्न विचारू लागला, पण आता वहीशिवाय. आडवेतिडवे, मुद्दाम खोडून काढणारे प्रश्न तो विचारी. उत्तर आले नाही की लेक म्हणे, "हे मला माहीत नाही." हे शब्द मान खाली न घालता म्हणायला तिला चार दिवस लागले. फक्त तो सहा वर्षांचा प्रश्न शिपाई स्वतः विचारत नसे. तो आत्याच विचारी. आणि मी गप्प राही.

मुलाखतीला मी गेले नाही. खुर्चीला कोण नेणार? लेक परत आली आणि कोटसुद्धा न काढता माझ्यावर बसून सांगू लागली.

"तिथली खुर्ची चाकांची होती आत्या, इकडे तिकडे पळत होती! मी पाय घट्ट रोवून बसले. पहिलाच प्रश्न सहा वर्षांचा आला. मी सांगितलं, आईची शुश्रूषा करत होते, रोज पाच नोंदी ठेवत होते. मधल्या बाईंनी विचारलं, सहा वर्षांत एकही नोंद चुकली नाही? मी म्हटलं, चुकल्या. दोन. दोन्ही ठिकाणी 'इथं चुकलं' असं लिहून ठेवलंय, खोडलेलं नाही."

"मग?" आत्याने विचारले.

"मग त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आम्हाला चूक न लपवणारं माणूसच हवंय, पाणी सगळं शहर पितं."

शिपाई दारात उभा राहून ऐकत होता. पंचवीस वर्षांची सवय, दुसरे काय.

मुलाखतीनंतर बाराव्या दिवशी पत्र आले. निवड झाली होती. आत्या रडली, लेक हसली, आणि शिपायाने पत्र तीनदा वाचले. मग त्याने ते घडी करून टेबलावर ठेवले, मला टेबलापासून मोजून दोन पावलांवर मांडले आणि स्वतः माझ्यावर बसला.

"आता मला विचार," तो लेकीला म्हणाला. "आत्याने विचारला होता तो."

लेकीने आधी मान हलवून नको म्हटले. त्याने पुन्हा सांगितले. तेव्हा तिने हळू आवाजात विचारले, "बाबा, आई आजारी असताना तुम्ही रजा का घेतली नाहीत?"

"मला तिला तसं बघवत नव्हतं," शिपाई म्हणाला. "कचेरीत बरं वाटायचं. म्हणून पळत होतो मी, तुझ्या एकटीवर टाकून. ती सहा वर्षं लपवायची घाई तुला नव्हती पोरी, मला होती. चुकलं माझं."

मित्रांनो, या घरातल्या तालमी तेव्हापासून थांबल्या नाहीत. शेजारपाजारची मुलेमुली मुलाखतीच्या आधी माझ्यावर बसून जातात. परवा एक सुतार आला होता, म्हणाला, पाय बदलून देतो, आवाज कायमचा बंद होईल. आत्याने त्याला चहा पाजून वाटेला लावले. तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे कुरकुरणारे लाकूड असेल. त्याला रोज पुसा, ऊन-पाण्यापासून जपा, आणि ते का वाजते हे पाहिल्याशिवाय त्याला जिन्याखाली ढकलू नका, एवढेच माझे मागणे आहे.

आणि हो, त्या दिवशी शिपाई "चुकलं माझं" म्हणाला, तेव्हा लेक त्याच्या तोंडाकडे पाहत होती आणि आत्या माझ्या डाव्या पायाकडे. शिपाई सरळ बसला होता. मी गप्प होते.