तिसरीचा राज्यघटनेचा तास

तिसरीच्या पोरांना राज्यघटना शिकवा, असा वरून हुकूम आला. म्हणजे नेमकं काय शिकवा, हे हुकूम काढणाऱ्यालाही विचारलं असतं तर त्याने डोकं खाजवलं असतं. निवडणुकीचं मतदान आमच्याच शाळेत, परदेशी निरीक्षक येणार, तेव्हा पोरांनी दारात उभं राहून नागरिकांचे हक्क म्हणून दाखवायचे. आमच्याकडे मोठ्या माणसाला आका म्हणायचं, बाईला ओपा, म्हणजे दादा नि ताई. हेडमास्तर तुलकिन आका मला म्हणाले, "मुकर्रम ओपा, पोरं गोड दिसली पाहिजेत. अर्थाबिर्थात फार शिरू नका."

मी शिरले. पोरांची पोपटपंची मला सहन होत नाही. वर्गात खोकं मांडलं, चिठ्ठ्या वाटल्या. सहल डाळिंबाच्या बागेत न्यायची की नदीवर, ते ठरवा म्हटलं. अझमत शेजारच्या लाजऱ्या पोराची चिठ्ठी ओढून घ्यायला लागला. "त्याला काय कळतंय, मी टाकतो." त्याचा कान धरला आणि म्हटलं, "ज्याची चिठ्ठी त्यानेच टाकायची. बाप असो, आजा असो, दुसऱ्याने हात लावायचा नाही."

पहिल्या बाकावरच्या ओयदिनने विचारलं, "आणि पासपोर्ट कुणाचा असतो, ओपा?"

"ज्याचा फोटो त्याचा."

ती का विचारत होती, ते मला माहीत होतं. सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. तिच्या आईचा, बार्नोचा, पासपोर्ट सासऱ्याच्या पेटीत कुलपात होता. बार्नोची शिलाई सुरेख, नवीन शिवणकारखाना बायका घेत होता, पण इथे पासपोर्ट हेच ओळखपत्र, त्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. नवरा रशियात विटा रचतोय. सासरा एरगश आका म्हणायचा, सून कारखान्यात गेली की तिला पाय फुटतात. बार्नोने किती वेळा मागितला असेल. दर वेळी म्हातारा म्हणे, "आहे की घरात. पळून चाललाय का?"

मतदानाच्या दिवशी अंगणात गाणी लावलेली, कढईत पलोव्ह, आमचा मटणाचा पुलाव, शिजत होता. माझी पोरं पांढरे सदरे घालून ठणठणीत आवाजात हक्क म्हणत होती. चष्मेवाली निरीक्षक बाई दुभाष्याला घेऊन उभी होती, खूश दिसत होती. तेवढ्यात एरगश आका आला, रुमालात सगळ्या घरादाराचे पासपोर्ट बांधून. ही आमची जुनीच रीत. वडीलधारा येतो, सगळ्यांच्या नावाने कागद टाकतो, पलोव्ह खाऊन घरी जातो. टेबलामागे आम्ही शिक्षकच बसलेलो, आम्ही कशाला बोलतोय?

ओयदिन रांग सोडून आत आली.

"आजोबा, आईचा पासपोर्ट आईला द्यायचा असतो. तिचा कागद तिने टाकायचा."

दुभाष्या बाईच्या कानाशी लागला. बाईने पेन काढलं. तुलकिन आकांचं हसू तोंडातच वाळलं, पण बाईंसमोर करतात काय? "शाबास बाळ," म्हणाले.

म्हातारा म्हणाला, "अहो, लहान आहे. तिची आई घरी पीठ मळतेय."

"मी बोलावते," म्हणून ओयदिन पळालीसुद्धा.

बार्नो आली तेव्हा नखांत पीठ होतं. चारचौघांत म्हाताऱ्याला पासपोर्ट तिच्या हातात द्यावा लागला. तिने कागद टाकला, आणि पासपोर्ट परत न देता स्वेटरच्या आत घातला. माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा वाटलं, आपण पोरांना काहीतरी खरं शिकवलं.

म्हाताऱ्याने घरी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्याने बार्नोची पिशवी भरून ओसरीवर ठेवली. "पासपोर्ट तुझा, घर माझं. पोरगी माझ्या मुलाची. पासपोर्ट हवा असेल तर उद्या तो घेऊन माहेरी जा. एकटी." रशियातून नवरा फोनवर म्हणाला, वडील म्हणतात तसं कर. शहाणा.

मोहल्ल्यातले पंच समजूत घालायला आले, त्यांत तुलकिन आकाही होते. मीही गेले, न बोलावता.

"कायद्याने पासपोर्ट तिचा आहे," मी म्हटलं. "आणि आईला पोरीपासून तोडता येत नाही. माझ्या पोरांनी तुमच्याच शाळेच्या दारात म्हटलंय."

"ते त्या बाईंसाठी होतं, ओपा," तुलकिन आका चहा ओतत म्हणाले. "बाई गेल्या."

माझं डोकं असं फिरलं, की ती किटली उचलून त्यांच्या डोक्यात घालावी. बार्नो मात्र शांत होती. म्हणाली, "पासपोर्ट देणार नाही. पोरगीही सोडणार नाही."

"मग राहणार कुठे?" एरगश आकाने विचारलं. माहेरी भावाची पाच माणसं दोन खोल्यांत राहतात.

दुसऱ्या दिवशी ओयदिन उशिरा आली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मधल्या सुट्टीत मी तिच्याजवळ गेले.

"आई गेली का गं?"

"नाही." मग हळूच म्हणाली, "मी पासपोर्ट आजोबांना दिला. आई न्हायला गेली होती, तेव्हा तिच्या स्वेटरमधून काढला. आजोबा म्हणाले होते, दिलास तर आई राहील."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शाबास म्हणेन, की रागवेन? मला दोन्ही जमेना.

शाळा सुटल्यावर बार्नो तिला न्यायला आली. पोरीला जरा पुढे पाठवलं आणि माझ्यापाशी थांबली. डोळे सुजलेले.

"ओपा, तिला याबद्दल कधी काही बोलू नका. मी तिला सांगितलंय, मी स्वतःच देणार होते, तू माझा हेलपाटा वाचवलास."